‘डूलाली’ हा गोऱ्या पलटणीतला शब्द आपल्या देवळालीचाच का?

कॅम्पातली

नमस्कार. माझं लहानपण देवळाली कॅम्पात गेलं, शाळाही तिथलीच. सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला असते. परवा ऑफिसातला प्रिंटर एकामागून एक कोरे कागद बाहेर टाकायला लागला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ‘गेला हा डूलाली!’ म्हणजे याचं डोकं फिरलं. शब्द कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की त्यांचे आजोबा लष्करात होते, त्यांच्या तोंडी तो सारखा असायचा. हिंदुस्थानात कुठल्याशा गावी गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं, त्या गावाचं नाव म्हणे.

डूलाली म्हणजे देवळाली हे कानाला लगेच पटलं. इस्पितळाचं मात्र पटेना. कॅम्पात तोफखान्याची शाळा आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, पारशी-गुजराती मंडळींची सॅनेटोरियम आहेत. पण वेड्यांचं इस्पितळ? माझ्या आजीचा जन्म तिथलाच, तिच्या तोंडूनही असं काही कधी ऐकलं नाही.

आणखी एक. त्या आजोबांच्या तोंडी नुसतं ‘डूलाली’ नसायचं, ‘डूलाली टॅप’ असायचं. हे टॅप काय प्रकरण आहे? मला फक्त पाण्याचा नळ आठवतो. कुणी यात नीट लक्ष घातलं असेल तर सविस्तर सांगा. माझ्या गावाचं नाव परक्या देशात असं वेडेपणाशी जोडलेलं ऐकून मला ते प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं आहे.

पाऊलवाट

हो, देवळालीच. मीही तिथे गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं असंच वाचलंय. उन्हाने डोकं फिरलेल्यांना तिथे आणून ठेवत. बीबीसीची एक जुनी विनोदी मालिका होती, ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’, १९७४ पासून १९८१ पर्यंत चालली. तिच्यातली फौजी नाटकमंडळी सुरुवातीला देवळालीच्याच छावणीत दाखवली आहे. म्हणजे तिकडच्या लोकांना हे नाव चांगलं ठाऊक आहे.

घाटमाथा

ताई, शब्द तुमच्या देवळालीचाच. इस्पितळाची गोष्ट मात्र सोडून द्या, तिच्यामागे खरी गोष्ट झाकली जाते. मी मध्य रेल्वेत गार्ड होतो. कसारा, इगतपुरी, मनमाड हा सगळा टापू माझ्या पायाखालचा. निवृत्तीनंतर या मार्गाचा इतिहास वाचायला लागलो आणि वाचता वाचता या शब्दापाशी पोचलो. त्याचं मूळ मला रेल्वेच्या आणि बोटींच्या वेळापत्रकात दिसतं.

आधी जागा नक्की करू. देवळाली नावाची गावं एकाहून जास्त आहेत. राहुरीकडची देवळाली प्रवरा वेगळी. नाशिक रोडला चिकटून असलेलं देवळाली गाव वेगळं, आणि लष्कराची छावणी, जिला आपण नुसतं ‘कॅम्प’ म्हणतो, ती वेगळी. शब्द निघाला तो या छावणीतून. छावणी १८६१ सालची. पुढे १८६५ साली थळ घाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबईची गाडी घाट चढून वर यायला लागली. तो चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात हे प्रवाशांनाही माहीत असतं. १८७० साली हाच मार्ग जबलपूरला कलकत्त्याकडून येणाऱ्या रेल्वेला जोडला गेला. म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या छावणीतून निघालेला सोजीर, म्हणजे गोरा शिपाई, गाडीने थेट देवळालीला उतरू शकत होता. मुंबईचं बंदर तिथून साधारण १८० किलोमीटर, हवा मुंबईपेक्षा कोरडी आणि थंड. विलायतेहून आलेल्या पलटणींना विसाव्याला ठेवायला आणि परत जाणाऱ्यांना गोळा करायला याहून सोयीची जागा सरकारला मिळाली नसती. कॅम्पात आजही ‘रेस्ट कॅम्प रोड’ आहे. तुम्ही त्यावरून शाळेत गेला असाल.

आता परत जाणाऱ्यांचं. १८७० साली इंग्लंडात कार्डवेल या युद्धमंत्र्याने भरतीचा कायदा बदलला. त्याआधी माणूस एकदा पलटणीत शिरला की उमेदीची सगळी वर्षं तिथेच जात. नव्या कायद्याने एकूण करार बारा वर्षांचा झाला, त्यातली थोडीच वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली घरी राखीव म्हणून. याचा परिणाम असा की हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींमधून दर वर्षी मुदत भरलेल्या माणसांचा लोंढा निघायला लागला. त्यांच्या बोलीत यांना ‘टाइम-एक्स्पायर्ड’ म्हणत. हे सगळे देवळालीला येऊन थांबायचे.

थांबायचे, कारण बोटी बारमाही नव्हत्या. पावसाळ्यातला अरबी समुद्र आणि उन्हाळ्यातला तांबडा समुद्र टाळून सैन्याची ने-आण हिवाळ्याच्या सुमारास, साधारण मार्चपर्यंत व्हायची. त्याला ‘ट्रूपिंग सीझन’ म्हणत. या कामासाठी १८६० च्या दशकात पाच मोठी जहाजं मुद्दाम बांधली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. नावं बघा, जमना आणि मलबार! हंगामात जहाजात जागा मिळाली तर ठीक. हंगाम संपल्यावर मुदत भरली, तर पुढची बोट कित्येक महिन्यांनी.

त्या माणसाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. आपली पलटण मागे मीरतला किंवा रावळपिंडीला राहिली. ओळखीचा सार्जंट नाही, जिवाभावाचे दोस्त नाहीत. घरी जायचं ठरलंय, पण कधी ते सांगता येत नाही. काम असं काहीच नाही. हे मी मनाने रंगवत नाही. फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्श शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉयल वेल्श फ्युझिलियर्समधून हिंदुस्थानात होता. १९३६ साली त्याचं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे आठवणींचं पुस्तक आलं. त्यात तो सांगतो की देवळालीत थांबलेल्या या लोकांकडे ना हत्यार असे ना पलटणीचं सामान. अधूनमधून आपापल्या चीजवस्तू मांडून तपासणीला दाखवायच्या, क्वचित लांबची पायपीट, एवढंच. बाकी दिवस खायला उठायचा. आयुष्यभर नेकीने नोकरी केलेले गडी तिथे भानगडीत सापडून कैदेत गेले, कुणाला गुप्तरोग जडले. आणि ‘याला डूलाली टॅप झाला’ ही म्हण त्या छावणीतल्या कंटाळ्याने माणसं जशी वागायची त्यावरून पडली असावी, असं त्याचं मत आहे. ‘असावी’ हा शब्द त्याचाच. शिपाई असून माणूस प्रामाणिकपणे लिहितो, म्हणून माझा त्याच्यावर भरवसा.

इस्पितळाचं म्हणाल तर मानसिक आजार झालेल्या सैनिकांना मायदेशी नेऊन नेटली इथल्या लष्करी रुग्णालयात ठेवत. त्यासाठी ‘डी ब्लॉक’ ही वेगळी इमारत १८७० साली उघडली. इकडे मुंबईत वेड्यांचं इस्पितळ होतं ते कुलाब्याला. विलायतेला निघालेले आजारी लोकही देवळालीच्या वाटेनेच जाणार, त्यामुळे त्यांतले काही छावणीत दिसत असतील, पण शब्दाला त्यांची गरज नाही. माझ्या मते लोकांनी शब्दाचा अर्थ आधी बघितला आणि त्यावरून इमारत मागाहून उभी केली. त्यात देवळाली सॅनेटोरियमसाठी प्रसिद्ध. ते नाव कानावर आलेल्या परक्या माणसाला हवापालटाची जागा आणि वेड्यांचं इस्पितळ यातला फरक कुठून कळणार!

आणि टॅप म्हणजे आपला ताप. सोजिरांना जी मोडकीतोडकी हिंदुस्थानी यायची, तिच्यात तापाला ‘तप’ असा शब्द होता. फारसीतही तेच. संस्कृतातला ताप आणि फारसीतला तप एकाच कुळातले. तेव्हा ‘डूलाली टॅप’ म्हणजे देवळालीचा ताप. हिवताप, विषमज्वर, आणि हा देवळालीताप!

कोशवाचक

घाटमाथा काका, छान लिहिलंय. पण मला दोन शंका आहेत, त्या स्पष्ट मांडतो.

पहिली. इंग्रजीत टॅप म्हणजे टपली. डोक्यावर टपली बसली, म्हणून डोकं फिरलं, असा साधा इंग्रजी अर्थ का नसावा? ताप शोधायला हिंदुस्थानीत जायची गरज काय?

दुसरी शंका मोठी आहे. शब्दांच्या अशा गोड गोष्टींनी आपण अनेकदा फसतो. ‘पॉश’ हा शब्द घ्या. पी अँड ओ कंपनीच्या बोटीतून हिंदुस्थानला जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची केबिन सावलीची, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, येताना उजवी) या चार शब्दांची आद्याक्षरं छापत, ही कथा जगभर सांगितली जाते. तसं छापलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही आणि कोशकार ती कथा मानत नाहीत. डूलालीची छावणी १८६१ ची आणि तुम्ही दिलेला पुरावा १९३६ चा. मधे पाऊणशे वर्षं जातात. ही गोष्ट पॉशसारखीच कशावरून नाही?

घाटमाथा

अशी शंका विचारलीच पाहिजे. मी दुसरीपासून सुरू करतो.

१९३६ च्या आधीचीही नोंद आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सोल्जर-खलाशांच्या शब्दांचा एक कोश केला, तो १९२५ साली छापला गेला. त्यात देवळाली टॅप आणि डूलाली टॅप अशी दोन्ही रूपं दिली आहेत, अर्थ डोकं फिरलेला, आणि शब्द जुन्या फौजेतला असल्याची नोंद आहे. १९१४ च्या आधीची जी नियमित पलटण होती, तिला ते लोक जुनी फौज म्हणत. म्हणजे १९२५ सालीच हा शब्द जुना समजला जात होता. शिपायांची बोली छापायला नेहमीच उशीर होतो. बराकीत बोललेलं लिहून ठेवणार कोण? बहुतेकांना लिहायचा सराव नव्हता, आणि साहेबलोक असले शब्द कागदावर आणत नसत.

पॉशशी तुलना केलीत तर फरक इथेच आहे. पॉशच्या कथेत जहाज, तिकीट, केबिन हे सगळं बाहेरून आणून शब्दाला चिकटवावं लागतं. इथे गावाचं नाव शब्दातच आहे. जुन्या कोशाने ते सरळ सरळ देवळाली म्हणून लिहिलंय. त्या छावणीत माणसं अडकून पडत, याला तिथून गेलेला साक्षीदार आहे.

आता टॅप. टपलीचा अर्थ इंग्रज माणसाच्या कानात घुमत असणार हे मला मान्य. पुढे शब्द टिकायला त्याची मदतही झाली असेल. पण त्या पलटणीची बोली कशी होती ते बघितलं की ताप हाच अर्थ पहिला वाटतो. ही माणसं अर्धी भाषा आपल्याकडची बोलत होती, आणि तीही कायम मोडून. बघ म्हणायला ‘डेको’, म्हणजे देखो. कागदाचा चिटोरा तो ‘चिट’, म्हणजे चिठ्ठी. स्वयंपाकाचं मोठं भांडं ‘डिक्सी’, ते देगचीवरून. चहा तो ‘चार’. फुकट मिळालेलं ते ‘बकशी’, म्हणजे बक्षीस. आरामाची नोकरी ‘कुशी’, ती खुशीवरून आली असं बहुतेक जण मानतात. पाव म्हणजे ‘रूटी’. लांब नोकरी आणि चांगली वागणूक यासाठी मिळणाऱ्या पदकाला ते ‘रूटी गाँग’ म्हणत, इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली म्हणून. आणि सगळ्यांत मोठा शब्द ‘ब्लायटी’. विलायतीचं बिलायती झालं आणि बिलायतीचं ब्लायटी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात बसलेला, हिंदुस्थान कधी न पाहिलेला पोरगा मायदेशाला ब्लायटी म्हणत होता. जी जखम जीव घेणार नाही पण घरी पाठवील, ती ‘ब्लायटीवाली’. या सगळ्या गोतावळ्यात ‘तप’चं ‘टॅप’ झालं तर त्यात नवल काय?

शिवाय तापाने माणूस बरळतो हे त्या काळच्या प्रत्येक सोजिराने शेजारच्या खाटेवर पाहिलेलं. मलेरिया डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत सापडलं ते १८९७ साली. तोवर ताप हवेचा, जागेचा, पाण्याचा मानला जायचा. मग एखाद्या जागेचाच एक ताप असतो आणि तिथे गेलं की तो लागतो, असं म्हणणं त्यांना अगदी नैसर्गिक होतं. या शब्दाची खरी ताकद मला इथेच दिसते. काम नसलेल्या, घरी जायला आसुसलेल्या माणसाला जे होतं त्याला नाव देणं सोपं नव्हतं. शिपायांनी त्याला आजाराचं नाव देऊन टाकलं.

सुईदोरा

मी मूळची कॅम्पातलीच, म्हणून राहवलं नाही. आमचं घराणं शिंप्याचं. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सोजिरांचे कपडे शिवायचे. घरी जाणाऱ्या गोऱ्याची पहिली मागणी साध्या कपड्यांची असायची, कारण वर्षानुवर्षं अंगावर खाकीच. आजोबा त्या साध्या कपड्यांना ‘मुफ्ती’ म्हणायचे. मला तो उर्दू शब्द वाटायचा. तो मूळचा अरबी असला तरी त्या अर्थाने सोजिरांचाच शब्द आहे हे मला फार उशिरा कळलं.

आजोबा सांगायचे की माप द्यायला आलेला गोरा नंतर रोज नुसता दुकानात येऊन बसायचा. कपडे तयार असले तरी यायचा. बोलायला कुणी नाही, जायला जागा नाही, तारीख कळलेली नाही. माझ्या आजीला त्यांची कीव यायची. त्या युद्धाच्या काळात देवळालीला ‘होमवर्ड बाउंड ट्रूपिंग डेपो’ होता, नावातच घरची वाट आहे. त्याच्याही आधी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाकडचे जखमी आणि आजारी देवळालीला आणत. ३४ वं वेल्श जनरल हॉस्पिटल तेव्हा इथे होतं. पण ते जखमांचं आणि तापाचं इस्पितळ. इस्पितळ होतं हे खरं, वेड्यांचं नव्हतं, एवढं या गावची म्हणून मला सांगावंसं वाटलं.

कॅम्पातली

सगळ्यांचे मनापासून आभार. सुईदोरा ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. रेस्ट कॅम्प रोडवरून मी खरंच शाळेत जायचे, नावाचा अर्थ कधी मनात आला नव्हता.

घाटमाथा काका, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. देवळालीतलं ‘व’ आणि ‘ळ’ जाऊन ‘डूलाली’ कसं झालं? आणि आता इथे सगळे नुसतं डूलाली म्हणतात, मग टॅप कुठे गेला?

घाटमाथा

उच्चाराचं असं. इंग्रजांच्या काळात रोमन लिपीत हे नाव लिहीत, त्यात ‘व’च्या जागी इंग्रजी ओ असे. वाचणारा त्याचं डिओलाली करायचा. ‘ळ’ त्यांच्या जिभेला नाहीच, तो ‘ल’ होणारच. मग घाईत बोलताना डिओचं डू. रिचर्ड्सने ते डू आणि लॅली असं मधे आडवी रेघ देऊन लिहिलंय. त्यावरून त्या लोकांच्या तोंडी ते कसं होतं याचा बरा अंदाज येतो.

टॅप गळण्याचं कारण मला तरी सरळ दिसतं. तप म्हणजे ताप हे कळणारे जुन्या फौजेतले लोक होते. इथली गोरी फौज संपली. शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवे ऑफ इंडियातून बाहेर पडून बोटीत बसली. त्यानंतर तिकडे जन्मलेल्यांना टॅप म्हणजे नळ किंवा टपली. वाक्यात त्याचा उपयोग उरला नाही, तो सुटला. डूलाली ऐकायला गमतीदार, ते घरोघरी पोचलं आणि तुमच्या ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत आलं. बाईंचे आजोबा शेवटपर्यंत ‘टॅप’ जोडून म्हणत होते, यावरून ते स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले असावेत किंवा इथून गेलेल्या जुन्या लोकांच्या हाताखाली शिकले असावेत, असं मला वाटतं.

म्हणून एक विनंती. त्या बाईंना आजोबांची पलटण आणि हिंदुस्थानातली वर्षं विचारा. सैनिकांच्या नोकरीच्या कागदांत ते कुठे कुठे होते याच्या नोंदी बऱ्याचदा असतात, कुटुंबाकडे त्यातलं काही असेल. त्यात परतीच्या आधी देवळाली दिसली, तर कुठल्या महिन्यात आले आणि कुठल्या महिन्यात बोटीत बसले तेवढं मला इथे नक्की कळवा.